रक्ताची साक्ष

माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा 'अहो' म्हटले ते आमच्या वहिनींनी. त्या वेळी मी आठ वर्षांचा होतो. माझ्या चड्डीला एकच बटण होते, नाक बाराही महिने वाहत असे आणि अमरावतीच्या अंबागेटाजवळच्या आमच्या आळीत मला हाक मारताना कोणी पूर्ण नाव घेण्याचीही तसदी घेत नसे. अशा मला, १९६४ साली लग्न होऊन आमच्या घरात आलेल्या एकोणीस वर्षांच्या वहिनी दुसऱ्याच सकाळी म्हणाल्या, "भाऊजी, दूध घेऊन घ्या. थंड होऊन राहिलं." मी मागे वळून पाहिले. मला वाटले, माझ्या पाठीमागे कोणी मोठा माणूस उभा आहे!

आई जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. तिला 'बाळंतरोग' झाला, असे मोठी माणसे म्हणत. माझ्या पाठचे ते बाळही राहिले नाही. त्यामुळे वहिनींनी मला न्हाऊ घातले, माझे पाढे घेतले, मला चोपही दिला. पण चोप देतानाही 'अहो' काही सोडले नाही. "भाऊजी, हात पुढे करा," असे म्हणून छडी मारणारी बाई सबंध वऱ्हाडात दुसरी नसेल. पुढे दादांची नोकरी अकोल्याला गेली, तिथेच त्यांनी घर बांधले. मी अमरावतीला मास्तरकी करीत राहिलो, लग्न केले, आजोबा झालो, निवृत्त झालो. पण दरवर्षी महालक्ष्म्यांना अकोल्याला जायचे, हा नेम मोडला नाही. २०११ साली दादा गेले; तरी वहिनींच्या महालक्ष्म्या आणि वहिनींचे 'अहो', दोन्ही तशीच चालू राहिली.

हे सारे घरगुती पुराण मी एवढ्यासाठी लावले, की पुढची हकिगत त्या एका 'अहो'भोवती फिरते.

२०२३च्या भाद्रपदातली गोष्ट. वहिनींनी तेव्हा अठ्ठ्याहत्तरी गाठली होती. अंगात पंधरा-वीस वर्षे मुरलेला मधुमेह. पण महालक्ष्म्यांचा आघाडा आणि पत्री दुसऱ्या कोणी आणलेली त्यांना चालत नसे. घरामागच्या पडीक जागेत त्या स्वतः अनवाणी गेल्या आणि तिथे टाचेत बाभळीचा काटा मोडला. मधुमेहाने पायांची संवेदना बोथट झालेली, त्यामुळे तो म्हणावा तसा सललासुद्धा नाही. टाच जराशी लाल झाली, त्यावर हळद दाबली, आणि वहिनी सोळा भाज्या चिरायला बसल्या.

पूजेच्या दिवशी मी अमरावतीहून पोहोचलो. घर माणसांनी भरले होते. फुलोरा टांगला होता, ज्वारीची आंबील चुलीवर होती, पुरणाचा वास फाटकापर्यंत येत होता. वहिनी मात्र लंगडत होत्या. संध्याकाळी आरतीच्या वेळी त्यांना अशी हुडहुडी भरली, की हातातले निरांजन थरथरू लागले. ताप चांगला १०२ होता. पुतण्या म्हणाला, "आई, दवाखान्यात जाऊन येऊ." वहिनींनी त्याच्याकडे असे पाहिले, की तो साठीला टेकलेला गृहस्थ पुन्हा सहावीतला झाला. "महालक्ष्म्या घरात असताना मी नाही जात दवाखान्यात. बोळवण होऊ दे." तापाची एक गोळी घेऊन त्या दोन रजया पांघरून झोपल्या.

सकाळी मी थर्मामीटर लावले. ९६.८. ताप साफ उतरला होता! मी विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात बातमी दिली. सगळ्यांना हायसे वाटले. वहिनी उठून बसल्या होत्या. त्यांचा श्वास थोडा भरभर चालला होता, पण चार दिवसांच्या दगदगीनंतर तो चालायचाच. मी त्यांच्यापुढे चहाचा कप धरला. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिले आणि विचारले,

"कोण रे तू?"

मी हसलो. खरे सांगतो, हसलो. एकोणसाठ वर्षांत जे माझ्या वाट्याला आले नव्हते ते 'अरे' एकदाचे आले, असे काहीसे विनोदाने सुनेला सांगितलेसुद्धा. झोप झाली नाही, गोळीची गुंगी आहे, वय झाले आहे. माणसाला जे मानायचे नसते त्यासाठी त्याच्याजवळ कारणांची कधी वाण नसते. वेळ होती सकाळी आठची.

दुपारी दोनच्या सुमारास, पोळ्यांना मदत करायला वर्षानुवर्षे येणाऱ्या मावशी खोलीत डोकावल्या, वहिनींच्या कपाळाला हात लावला आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "मास्तर, त्याईचे डोये पाहा ना बापा. अंग गार पडून राहिलं. बाई घरात हाये, पन बाई घरात नाई."

ते वाक्य ऐकून माझ्या पोटात धस्स झाले. आम्ही उठलो. महालक्ष्म्या तशाच उभ्या ठेवून वहिनींना गाडीत घातले.

दवाखान्यात डॉक्टरांनी प्रथम नाडी पाहिली, मग रक्तदाब. वरचा ८४. श्वास मिनिटाला २८. "लघवी कधी झाली?" त्यांनी विचारले, आणि आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. टाचेवरची हळद पुसली तेव्हा लाली घोट्याच्या वर चढलेली दिसली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सेप्सिस आहे. आता घड्याळाकडे पाहून काम करावे लागेल." तासाभराच्या आत रक्त काढून झाले, जंतू वाढतात का ते पाहण्यासाठी वेगळ्या बाटल्यांत रक्त गेले, प्रतिजैविकाचे इंजेक्शन शिरेत गेले, सलाइन भरभर चालू झाले. रात्री टाच चिरली. वाटीभर पू निघाला आणि त्याबरोबर अर्ध्या इंचाचा बाभळीचा काटा. एवढ्याशा काट्याने एवढा मोठा संसार आडवा केला होता.

माझी मुलगी अमरावतीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रात्री नऊ वाजता रक्ताचा कागद हाती आला आणि मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावरून तिला फोन लावला. कोरोनाच्या दिवसांनी आपल्या सगळ्यांनाच या कागदाची अर्धीमुर्धी ओळख करून दिली आहे. २०२१च्या फेब्रुवारीत देशात इतरत्र जरा उसंत असताना आमच्या अमरावतीत रोगी भराभर वाढले, अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली, अकोल्यातही निर्बंध आले. त्या वेळी कापसाचे भाव विचारावेत तसे लोक एकमेकांना सीआरपी, फेरिटिन आणि डी-डायमर विचारत. नावे पाठ झाली, अर्थ मात्र पाठ झाला नाही. माझीही गत तीच.

"बाबा, लॅक्टेट किती आहे?" तिने पहिला प्रश्न हा विचारला.

"४.६," मी म्हणालो. "दोनच्या आत हवे असे शेजारी छापले आहे."

पलीकडे क्षणभर आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "बरं. बाकीचे सांगा." तिचा तो 'बरं' मला अजून ऐकू येतो.

मी वाचत गेलो. पांढऱ्या पेशी २२ हजार. ११ हजारांपर्यंत ठीक. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ९० हजार. दीड लाखाच्या वर हव्यात. सीआरपी २४६, दहाच्या आत हवे. प्रोकॅल्सिटोनिन ३८, निरोगी माणसात ते अर्ध्याच्याही पुष्कळ खाली असते. क्रिएटिनिन २.४, म्हणजे मूत्रपिंडे कुरकुरू लागलेली. एलडीएच ६१०, त्या कागदाप्रमाणे अडीचशेच्या आसपास थांबायला हवे होते.

त्या रात्री आणि पुढच्या पाच रात्री माझ्या मुलीने मला तो कागद वाचायला शिकवले. चाळीस वर्षे मी मुलांना शिकवले. आता माझीच मुलगी माझी मास्तरीण झाली. तिने सांगितलेले मी माझ्या भाषेत सांगतो, कारण असा कागद आज ना उद्या कोणाच्याही हाती येतो.

सेप्सिस म्हणजे नुसता जंतूंचा हल्ला नव्हे. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी त्याची व्याख्या नव्याने बांधली. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेले उत्तरच बेताल होते, आणि त्यामुळे शरीराचे अवयव निकामी होऊ लागून जीव धोक्यात येतो, ती अवस्था म्हणजे सेप्सिस. आम्हा वऱ्हाडच्या माणसांना हे जिनिंगच्या उदाहरणाने चटकन समजते. जिनात कापसाच्या एका ढिगाला आग लागते. बंब येतात, माणसे धावतात. ढीग जळतो तेवढा जळतोच. पण पाण्याच्या माऱ्याने, तुडवातुडवीने आणि पाडलेल्या भिंतींनी बाकीचा कापूसही मातीमोल होतो. आग विझवणारे आपलेच असतात आणि नासाडीही तेच करतात. वहिनींच्या टाचेत लागलेल्या आगीला सगळ्या शरीराचे बंब धावले होते.

मग रक्त काय सांगते? माझी मुलगी म्हणाली, "बाबा, त्यात दोन तऱ्हेचे साक्षीदार असतात. एक सांगतो, फौज किती जोरात उठली आहे. दुसरा सांगतो, घर किती मोडले आहे."

फौजेची साक्ष देतात त्या पांढऱ्या पेशी, सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन. सीआरपी यकृतात तयार होते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडले. गंमत अशी, की रोगी बरा होऊ लागला की ते रक्तातून नाहीसे होई. म्हणजे रोग येतानाही खबर आणि जातानाही खबर! प्रोकॅल्सिटोनिनची कथा याहून चमत्कारिक. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत बनणाऱ्या एका संप्रेरकाचे ते कच्चे रूप. एरवी ते ग्रंथीच्या घराबाहेर पडत नाही. पण जंतूंचा जोराचा हल्ला झाला, की यकृत, फुप्फुसे, चरबी, ज्यांचा त्या कामाशी काही संबंध नाही असे सारे अवयव ते बनवू लागतात. जंतूंच्या अशा हल्ल्यात ते रक्तात वाढते, हे १९९३ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवून दिले.

दुसरा साक्षीदार मोडतोडीचा. जिनाची भिंत शाबूत असेल तर सरकी आतच राहते. रस्त्यावर सरकी सांडलेली दिसली, की आत न डोकावताही समजावे की कुठेतरी भिंत फुटली आहे. एलडीएच ही तशी सरकी आहे. ते पेशीच्या आत काम करणारे द्रव्य. रक्तात फार सापडू लागले की पेशी फुटत आहेत असे समजायचे. लॅक्टेटचे थोडे निराळे. पेशींना पुरेसा प्राणवायू मिळेना किंवा तो वापरता येईना, की त्या साखर अर्धवट जाळतात, आणि त्याचा जणू धूर रक्तात साठतो. दमलेल्या यकृताला तो धूर वेळेवर काढून टाकता येत नाही, म्हणून तो आणखीच दाटतो.

यापुढे माणसाने पाहिले आहे ते ऐकून तर मी थक्क झालो. पांढऱ्या पेशी जंतूंना पकडण्यासाठी स्वतःच्या पोटातला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, हे २००४ साली बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. तो डीएनए ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो त्यांना हिस्टोन म्हणतात. पेशीच्या आत ती रिळे गरीब गायीसारखी; पण बाहेर रक्तात सुटली, की रक्तवाहिन्यांच्या अस्तराला विषासारखी जाळतात. हे २००९ साली कळले. आणि पेशी फुटल्यावर तिच्यातली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे तिच्या छोट्या भट्ट्या, बाहेर सांडतात. या भट्ट्यांचे पूर्वज अब्जावधी वर्षांपूर्वी जंतूच होते. त्यामुळे शरीराची फौज आपल्याच घरच्या भट्ट्यांना शत्रू समजते आणि पुन्हा चवताळून उठते. मोडतोडीने फौज चेतते, फौजेने मोडतोड वाढते. हे चक्र थांबवता आले तर रोगी वाचतो.

या साऱ्या खुणा अजून नेहमीच्या कागदावर येत नाहीत. त्यांतल्या बहुतेक संशोधनाच्या प्रयोगशाळेतच मोजल्या जातात. आमच्या बाकावर येई तो साधाच कागद. पण त्याच्यावरून आमच्या घरात काय उलथापालथ होई! दुसऱ्या दिवशी सीआरपी २४६चे २९० झाले. पुतण्याचा चेहरा पडला. नागपूर, पुणे, यवतमाळ, सगळीकडून फोन आले, "वाढले म्हणे?" मी मुलीला फोन लावला तेव्हा माझा आवाज कापत होता.

"बाबा, लॅक्टेट किती?"

"२.४."

"अहो मग घाबरता कशाला! सीआरपी हा उशिरा येणारा साक्षीदार आहे. यकृताने तो बनवायचा, मग तो साठायचा. दोन-दोन दिवस चढतच राहतो. कालची हकिगत तो आज सांगतो आहे. लॅक्टेट आजची सांगते."

मी पहिल्यांदा त्या कागदाकडे परीक्षेच्या निकालासारखे न पाहता प्रगतिपुस्तकासारखे पाहिले. एका दिवसाचा आकडा म्हणजे धावत्या गाडीचा फोटो. गाडी मुर्तिजापूरकडे चालली की शेगावकडे, हे एका फोटोवरून कळत नाही. शिवाय हे साक्षीदार काही हरिश्चंद्र नव्हेत. सीआरपी संधिवातातही चढते. प्रोकॅल्सिटोनिन मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, भाजल्यावर, जबर मार लागल्यावरही वाढते. एकट्याच्या साक्षीवर कोणाला फाशी देऊ नये आणि कोणाला सोडूही नये. डॉक्टर दर फेरीला कागद पाहत, पण त्याआधी वहिनींच्या नखावर बोट दाबून रंग किती वेळाने परत येतो ते पाहत, लघवीची पिशवी पाहत, आणि मोठ्याने विचारत, "आजी, आपण कुठे आहोत?"

आजी उत्तर देत नव्हत्या.

तिसऱ्या रात्री बाकावर मला झोप येईना. मुलीने बोलता बोलता सांगितले होते, की लॅक्टेटची ही खूण फार जुनी आहे. १८४३ साली जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग गावच्या शेरर नावाच्या डॉक्टराने ती माणसाच्या रक्तात प्रथम दाखवली, आणि ती सापडली होती बाळंतज्वराने दगावलेल्या तरुण बायकांच्या रक्तात.

बाळंतज्वर. म्हणजे आमच्या आळीतल्या बायका म्हणत तो बाळंतरोग. म्हणजे माझ्या आईला झालेला तो हाच आजार! त्याला तेव्हा दुसरे नाव होते, एवढेच.

आणि मग इतकी वर्षे मनाच्या तळाशी पडून राहिलेली एक गोष्ट वर आली. १९६२ साल. आईच्या खोलीत आम्हाला जाऊ देत नसत. मी दाराआडून आत शिरलो होतो. आईने माझ्याकडे पाहिले आणि शेजारच्या बाईला विचारले, "हा कोणाचा मुलगा?" मी रडत बाहेर आलो. मला वाटले, आई माझ्यावर रागावली आहे. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तीच खूण मला एकोणसाठ वर्षे 'अहो' म्हणणाऱ्या बाईने सकाळी आठ वाजता दिली होती. 'कोण रे तू?' मी ती खूण आयुष्यात एकदा पाहिली होती. आणि दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा हसलो, चहा प्यालो, आणि सहा तास घालवले. मेंदूला रक्त पुरेनासे झाले आणि त्या आगीची झळ त्याला लागली, की माणूस बरळतो, ओळख विसरतो. आणि म्हाताऱ्या माणसांत तर कधी कधी तीच पहिली खूण असते. अंग गार पडून ताप ९६वर येणे हेही बरे झाल्याचे लक्षण नसून शरीर थकल्याचे असू शकते. हे सगळे मला त्या बाकावर कळले. रक्ताची साक्ष रात्री नऊ वाजता झाली. माझ्या डोळ्यांसमोर ती सकाळी आठलाच झाली होती.

इथे मला आमच्या विदर्भातलीच एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळांच्या सेप्सिसवर काम केले. तिथे कुठला लॅक्टेट आणि कुठले प्रोकॅल्सिटोनिन! त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि खुणा शिकवल्या. आधी चांगले रडणारे बाळ आता क्षीण रडते का. आधी जोराने दूध ओढणारे आता ओढत नाही का. ते सुस्त झाले का. अंग तापले किंवा गार पडले का. बेंबीला पू आहे का. श्वास घेताना छाती आत ओढली जाते का. अशा खुणा एकत्र दिसल्या की त्या बायका घरीच औषध आणि इंजेक्शन देत. ३९ गावांतल्या या कामाचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात सोळा-सतरा दगावत. या बायकांच्या हातून उपचार होऊ लागल्यावर तीनही दगावेनात.

त्या यादीतला 'आधी' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. बाळ आधी कसे रडत होते हे त्याच्या आईलाच ठाऊक. आजी आधी कशी बोलत होती हे घरच्यांनाच ठाऊक. दवाखान्यातल्या डॉक्टरला आमच्या वहिनी मला अहो म्हणतात की अरे, हे कसे कळावे? तो आकडा जगातली कोणतीही लॅब काढून देणार नाही. तो आमच्याजवळ होता, आणि तो घेऊन वेळेवर दवाखान्यात जाणे, एवढेच आमचे काम होते. २०१७ या एका वर्षात जगभर सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांतले १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. जगातल्या पाच मृत्यूंपैकी एक. त्यांतल्या किती घरांत कोणीतरी सकाळी आठ वाजता असेच हसले असेल, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी बाटलीतल्या रक्तात स्टॅफिलोकॉकस जंतू सापडला आणि डॉक्टरांनी त्याला नेमके लागू पडणारे औषध सुरू केले. प्रोकॅल्सिटोनिन १९वर आले, दुसऱ्या दिवशी ८वर. सीआरपीही गुडघ्यावर आले. लॅक्टेट १.३. पुतण्या कापसाचा भाव चढल्यासारखा आनंदाने फोनवर आकडे सांगू लागला, फक्त इथे भाव उतरल्याचा आनंद होता. मी मात्र गप्प होतो. कागद बरा झाला होता; वहिनी अजून बोलत नव्हत्या.

सहाव्या दिवशी सकाळी परिचारिकेने मला आत सोडले. वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या. मी खुर्ची ओढली, तिचा आवाज झाला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले. पाहतच राहिल्या. माझे काळीज त्या खोलीतल्या सगळ्या यंत्रांपेक्षा मोठ्याने वाजत असावे. मग त्यांचे ओठ हलले.

"भाऊजी... तुम्ही जेवले का?"

डॉक्टरांना मी हे धावत जाऊन सांगितले. त्या भल्या माणसाने 'जेवले का'मध्ये एवढे काय आहे, असे विचारले नाही. त्यांनी फक्त कागदावर काहीतरी लिहिले.

घरी आल्यावरही वहिनी पूर्वीच्या वहिनी व्हायला पुष्कळ दिवस लागले. जिना चढताना दम लागे, भाजीत मीठ पडले की नाही हे विसरत, रात्री दचकून उठत. या आजारानंतर असे महिनोन् महिने चालते, याची डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती. त्या वर्षी दिवाळीला मी त्यांना अमरावतीला घेऊन आलो. टाच भरून आली होती. माझ्या मुलीने त्यांना मऊ तळव्यांच्या चपला आणल्या आणि घरातसुद्धा त्या घालायच्या असा हुकूम सोडला. वहिनी कुरकुरल्या, पण घातल्या.

पाडव्याच्या दुपारी आम्ही दोघे पडवीत बसलो होतो. सात आठवडे माझ्या मनात जे सलत होते ते मी काढले. काटा मोठा होता, बोलायला वेळ लागला. सकाळी आठला काय झाले, मी कसा हसलो, दुपारी दोनपर्यंत कसे बसून राहिलो, सगळे सांगितले. आईचेही सांगितले. वहिनी ऐकत होत्या. मला वाटले, आता त्या रागावतील, निदान रडतील.

त्यांनी तोंडावर पदर धरला.

"अग बाई! मी तुम्हाले अरे म्हटलं? साऱ्यांच्या देखत?"

मृत्यूच्या दारातून परत आलेली ती बाई त्या एका शब्दाने खरोखरच ओशाळी झाली होती. मी म्हणालो, "वहिनी, तेवढे एकदाच. पण पुन्हा कधी म्हणालात, तर मी चहासुद्धा पिणार नाही. सरळ गाडी काढीन."